सोसायटीतले हौशी ड्रोन : बंदी घालावी की नियम करावेत, आणि नियमात आकडे काय असावेत?

वाकडची_सचिव

२२ मजल्यांच्या चार विंग, मध्ये बाग आणि पोहण्याचा तलाव. दोन सभासदांकडे ड्रोन आहेत. एक २४९ ग्रॅमचा, दुसरा ७०० ग्रॅमच्या वरचा. दोन्ही गच्चीवरून उडतात. तक्रारी अशा: बाल्कनीसमोर येऊन थांबतो, तलावावरून जातो, खाली खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यात पडेल. एका सभासदाने गटावर "पुन्हा दिसला तर जॅमर (रिमोटचा सिग्नल तोडणारं यंत्र) आणतो" असं जाहीर केलंय. ड्रोनवाले म्हणतात, २५० ग्रॅमच्या खाली कुठलाच कायदा लागत नाही. सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवायचाय. सरसकट बंदी टिकेल का? टिकणार नसेल तर नियम काय लिहावेत? "योग्य अंतर राखावे" असली वाक्यं नकोत, त्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो.

नकाशा_आधी

आधी तो २५० ग्रॅमचा गैरसमज. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो'. नॅनोला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला सरकारी मान्यता) लागत नाही, तृतीय पक्ष विमाही लागत नाही. सवलत इथे संपते. नोंदणी करून यूआयएन (प्रत्येक ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घेणं आणि हवाई क्षेत्राचे लाल (मनाईचे), पिवळे (परवानगीचे) आणि हिरवे (मोकळे) विभाग पाळणं त्यालाही चुकत नाही. मायक्रो निव्वळ हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्रातून सूट आहे, पण यूआयएन हवा, आणि विमाही हवा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनची आयात बंद आहे (संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद), त्यामुळे नंतर कुणाच्या बॅगेतून आलेल्या ७०० ग्रॅमच्या ड्रोनचा यूआयएन कुठून आणणार, हे त्या सभासदाला सभेतच विचारा. नियमभंगाचा दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपल्या इमारतीचा विभाग बघा. हिरव्यात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्मी, ६० मीटर. त्याहून जवळ गेलात की परवानगीशिवाय काहीच नाही. वाकड लोहगावच्या विमानतळापासून दूर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पुण्यात लष्कराच्या आणि संरक्षण संशोधनाच्या जागा भरपूर आहेत. शिवाय पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग जाहीर करू शकतो. विसर्जन, निवडणूक, मोठ्या नेत्याचा दौरा असला की पोलीस आयुक्तांचे वेगळे बंदी आदेशही निघतात. म्हणून नकाशा दर वेळी उडवण्याआधी बघायचा, महिन्यापूर्वीचा स्क्रीनशॉट चालत नाही.

आता बंदी. आकाश सोसायटीच्या मालकीचं नाही, तेव्हा "आमच्यावरून उडू नये" हा ठराव कागदावरच राहील. पण गच्ची, बाग, पार्किंग ही सामायिक जागा आहे. तिथून उडवायला आणि तिथे उतरवायला अटी घालणं किंवा पूर्ण मनाई करणं सर्वसाधारण सभेच्या हातात आहे. ठरावाचा विषय 'ड्रोन' न ठेवता 'सामायिक जागेचा वापर' असा ठेवा.

जॅमरवाल्यांना आजच थांबवा. खासगी व्यक्तीने जॅमर बाळगणं, वापरणं बेकायदा आहे. आणि तांत्रिकदृष्ट्या तो उलटाच पडतो. रिमोटची लहर तुटली की ड्रोन स्वतःहून परत फिरतो. पण बहुतेक स्वस्त जॅमर जीपीएसही दाबतात, मग त्याला परतीचा रस्ताच कळत नाही आणि तो वाऱ्याबरोबर भिंतीकडे सरकतो. सोबत अख्ख्या विंगचं वायफाय जातं ते वेगळंच. छर्‍याची बंदूक, दगड, गलोल यांनी पाडला तर मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा पाडणाऱ्यावर.

भिंगवाला

खासगीपणाच्या तक्रारीत सगळे उंचीवर भांडतात. मोजायला हवं ते भिंतीपासूनचं अंतर, आणि कॅमेऱ्याचं भिंग.

हौशी ड्रोनचं मुख्य भिंग बहुधा २४ मिमी समतुल्य (३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात) असतं. त्याचं गणित सोपं आहे: चित्रात मावणारी रुंदी = अंतर × १.५. फोरके व्हिडिओत आडवे ३८४० पिक्सेल. म्हणजे ६० मीटरवरून ९० मीटर रुंदीचं दृश्य, मीटरला ४३ पिक्सेल. साधारण १६ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा ७ पिक्सेलात येतो, म्हणजे चेहरा नाहीच, एक ठिपका.

सीसीटीव्हीसाठी आयईसी ६२६७६-४ मानकात पायऱ्या ठरलेल्या आहेत. मीटरला २५ पिक्सेल असतील तर माणूस आहे एवढं कळतं. ६२ च्या आसपास कपडे, हालचाल. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. २५० ला अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते. २४ मिमी भिंगाला लावलं तर ही अंतरं अनुक्रमे १०२, ४१, २० आणि १० मीटर. म्हणून भिंतीपासून किमान ४० मीटर हा आकडा ठरावात घाला. फोटो ४८ मेगापिक्सेलचा असेल तर कागदावर ही अंतरं दुपटीहून थोडी जास्त होतात, प्रत्यक्षात सेन्सर तेवढा तपशील देत नाही.

खरी गोम दुसऱ्या भिंगात आहे. तुमचा ७०० ग्रॅमवाला जर दोन कॅमेऱ्यांचा असेल, तर त्यातलं ७० मिमीचं भिंग ३० मीटरवरून ओळख पटवेल आणि ६० मीटरवरून ओळखीचा माणूस दाखवेल. १६६ मिमी भिंगाचेही ड्रोन मिळतात, ते ७० मीटरवरूनही ओळख पटवतात. त्यामुळे नियमात 'टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारं) भिंग आवारात वापरायचं नाही' हे वेगळं वाक्य हवंच. वजनावरून खासगीपणा ठरवणं चुकीचं, भिंगावरून ठरवा.

चार विंगच्या मध्ये मोकळी जागा किती आहे? ८० मीटरपेक्षा कमी असेल तर मधोमध उभं राहूनही दोन्ही बाजूंना ४० मीटर मिळत नाहीत. म्हणजे विंगच्या मध्ये उडवणं आपोआप बंद, आणि तलावाचा प्रश्नही तिथेच मिटतो. गच्चीच्या वर ४० मीटर गेल्यावर तलाव शंभर मीटरहून खाली राहतो, तिथून कुणी आहे एवढंच दिसेल.

चित्रीकरण गच्चीची पातळी ओलांडल्यावरच सुरू करायचं, हेही लिहा. आणि व्हिडिओ चढवण्याआधी उपशीर्षकाची एसआरटी फाइल काढून टाका. बऱ्याच ड्रोनमध्ये तिच्यात प्रत्येक क्षणाचे अक्षांश-रेखांश असतात. फोटोतही असतात.

चार_पंखे

वरचं सगळं बरोबर, पण पडण्याबद्दल कुणी बोललं नाही. गच्चीवरून उडवणं हीच आधी अडचण आहे.

स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्टच्या खोलीतली मोटर, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, वीजरोधक या सगळ्यांनी होकायंत्र बिघडतं. गच्चीच्या स्लॅबवर ठेवून सुरू केलं तर दिशा चुकीची धरली जाते, मग वर गेल्यावर ड्रोन सरळ थांबण्याऐवजी गोल फिरत सुटतो. प्लॅस्टिकच्या स्टुलावर, टाकी आणि लिफ्टच्या खोलीपासून लांब ठेवा. तिथे उभं राहून होकायंत्र कॅलिब्रेट करू नका, चुकीचं मोजमाप पुन्हा कॅलिब्रेट करेपर्यंत साठून राहतं. घरबिंदू (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला गेल्याची सूचना आल्याशिवाय वर न्यायचा नाही.

उंचीचा घोळ सर्वांत जास्त होतो. अ‍ॅपमधली १२० मीटर मर्यादा उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, कायद्यातली जमिनीपासून. २२ मजले म्हणजे धरा ६६ मीटर. गच्चीवरून ६० मीटर वर गेलात की १२६, नियम मोडला, आणि अ‍ॅप काही बोलणार नाही. गच्चीवरून उडवायचं तर अ‍ॅपमध्ये कमाल उंची ४५ टाका. परतीची उंचीही (लहर तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून परत येतो ती) तशीच उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते: गच्चीवरून ३० पुरेशी, जमिनीवरून उडवला तर १०० लागेल. जमिनीवरून उडवून परतीची उंची ३० ठेवणारा ड्रोन लहर तुटली की दहाव्या मजल्याच्या भिंतीत शिरतो.

अडथळे टाळणाऱ्या सेन्सरवर भिस्त नको. हलक्या मॉडेलमधल्या कित्येकांना ते फक्त खाली असतात. ज्यांना चहूबाजूंनी आहेत त्यांनाही कबुतरजाळी, केबलची वायर आणि मांजा दिसत नाही. काचेच्या बाल्कनीही फसवतात. संक्रांतीच्या आगेमागे तर उडवूच नये.

दोन विंगच्या मध्ये आणखी एक गोष्ट: आकाशाचा तुकडा अरुंद, उपग्रह कमी, शिवाय भिंतीवरून उलटून येणारे सिग्नल. जीपीएस सुटला की ड्रोन उंची धरतो पण जागा धरत नाही. तिथेच वारा चिंचोळ्या जागेतून जोरात वाहतो. छोट्या ड्रोनची सहनशक्ती सेकंदाला १० मीटरच्या आसपास, गच्चीवर जाणवतो त्यापेक्षा चाळीस मीटर वर वारा बराच जास्त असतो.

चारातला एक पंखा गेला की चौपंखी ड्रोन तरंगत नाही, गरगरत खाली येतो. २४९ ग्रॅमचा ६० मीटरवरून पडला तर हवेचा विरोध सोडून १४६ जूल, विरोध धरून बरीच कमी, पण लहान मुलाच्या डोक्याला तेही नको. पात्यांवर बोट फिरवून चीर बघा, पाती जोडीनेच बदला. अ आणि ब खुणांची पाती उलटसुलट बसवली तर उडतानाच पलटी. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा. अगदी कमी झाली की तो परत यायचंही सोडतो, असेल तिथेच खाली उतरू लागतो, खाली तलाव असो वा पाळणे.

कुणी सुचवेल की पंख्यांना संरक्षक जाळी लावा. घराच्या आत ठीक. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला ती लावली, किंवा मोठी बॅटरी बसवली, की वजन २५० च्या पुढे जातं आणि नॅनोच्या सवलती गेल्या. उघड्यावर जाळी वारा धरते.

घार अंगावर आली तर पळू नका, सरळ वर चढवा आणि मग दूर जाऊन उतरवा. घारीला तितक्या वेगाने उभं चढता येत नाही.

तक्रार_लेखी_द्या

बाल्कनीवाल्या तक्रारीसाठी. खासगी क्षणात असलेल्या स्त्रीला पाहणं किंवा टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येतं, पहिल्या गुन्ह्याला १ ते ३ वर्षं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू, पण ते शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं. नुसत्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या चित्रीकरणाला यातलं काही लागणार नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातून वैयक्तिक वापर वगळलेला आहे, त्यामुळे तिथूनही मदत कमी. ही पोकळी सोसायटीच्या ठरावानेच भरायची.

दिसल्यावर वेळ, मजला, दिशा आणि कुठे उतरला ते लिहून ठेवा. मोबाईलवर चित्रीकरण करताना शेजारची खिडकी चौकटीत येऊ द्या, म्हणजे अंतराचा अंदाज येतो. फिरत्या पात्यांचा ड्रोन हाताने पकडू नका. आणि उडवणाऱ्याला जागीच व्हिडिओ पुसायला लावू नका! रागात सगळे तेच करतात आणि पुरावाच जातो. कार्ड काढून पोलिसांसमोर द्यायला सांगा. गंभीर असेल तर ११२.

रात्रीचे दिवे मात्र दोनदा बघा. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे ग्रामीणमध्ये गावोगावी लोक 'ड्रोन दिसला' म्हणून रात्रभर गस्त घालत होते. आवाज नाही आणि पाच मिनिटं एकाच संथ गतीने सरकतंय, तर ते बहुधा विमान.

वाकडची_सचिव

विंगमधलं अंतर मोजलं, ३४ मीटर. म्हणजे मध्ये उडवणं बंदच. मसुदा असा: (१) यूआयएनची प्रत कार्यालयात, (२) फक्त 'डी' विंगच्या गच्चीवरून, रविवारी ७ ते ९, सुरक्षारक्षकाच्या वहीत नोंद करून, (३) बाल्कनी असलेल्या भिंतीपासून ४० मीटर, टेलिफोटो बंद, (४) बाग आणि तलावावरून नाही. काही राहिलं?

चार_पंखे

(३) गच्चीवरून उडताना पाळता येणार नाही, 'डी' ची स्वतःची भिंतच पायाखाली आहे. "गच्चीच्या कठड्याच्या आतून सरळ ४० मीटर वर, मग बाहेरच्या बाजूला, उतरताना तसंच उलट" असं लिहा. गच्चीच्या पातळीखाली कधीच नाही, हेही जोडा. अ‍ॅपमधली उंची ४५ वर ठेवल्याचा स्क्रीन सुरक्षारक्षकाला दाखवायला सांगा, पाच सेकंदांचं काम आहे.

नकाशा_आधी

आणि ७ ते ९ ऐवजी ८ ते ९ ठेवा. सकाळी सातला तलावावर पोहणारे असतात. ७०० ग्रॅमवाला यूआयएन आणि विमा आणेपर्यंत यादीत घेऊ नका.