क्रूझवरून आणलेली बाटली आणि राज्याचा कर: तुमचे अनुभव सांगा

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. इथल्या मराठी घरांत भारतातून आई-वडील आले की चार गोष्टी ठरलेल्या असतात: नासा, मंदिर, कॉस्टको आणि गॅल्व्हस्टनहून क्रूझ. सासू-सासरे आले तसे आम्हीही निघालो. मेक्सिकोतल्या कोझुमेलला अण्णांनी (म्हणजे सासऱ्यांनी) टकिलाच्या दोन बाटल्या घेतल्या, एक स्वतःला आणि एक पुण्याच्या मित्राला. बोटीवर चढताना त्या काढून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात, हेच त्यांना आधी पटलं नव्हतं. "पैसे मी दिले आणि सांभाळणार हे?"

सकाळी उतरलो. कस्टमच्या माणसाने पासपोर्ट पाहिले, काय आणलंय विचारलं, अण्णांनी शाळेत हजेरी द्यावी तसं खणखणीत उत्तर दिलं आणि आम्ही पुढे आलो. दहा पावलांवर आणखी एक टेबल. तिथे परत तोच प्रश्न, दारू किंवा सिगारेट?

"अगं, आत्ताच तर त्याला सांगितलं!"

"अण्णा, तो दिल्लीचा होता. हा मुंबईचा."

एवढ्यात त्यांना सगळं कळलं. नोकरी सरकारी होती ना. अमेरिकेच्या केंद्र सरकारची सवलत वेगळी: एकवीस वर्षांवरच्या माणसाला एक लिटर दारू, २०० सिगारेटी. टेक्सस राज्याचा कर वेगळा, आणि तो पहिल्या बाटलीपासून लागतो. 'ड्यूटी फ्री' ही पाटी दुकानावर असते, राज्यावर नाही. लिटरच्या बाटलीला ३.७५ डॉलर. दोन बाटल्यांचे साडेसात डॉलर मी कार्डाने दिले आणि अण्णांनी पावती घडी घालून पाकिटात ठेवली. ती आता पुण्यात आहे, बाटलीसोबत दाखवली जाते.

तुम्हाला असं टेबल कुठे भेटलं? गॅल्व्हस्टनच पाहिजे असं नाही. कर भरला असेल, नसेल, वाद घातला असेल, सगळं लिहा.

हिशेबनीस (शुगर लँड)

धागा माझ्यासाठीच काढलाय असं धरून चालतो.

ते ३.७५ येतात कुठून ते सांगतो, कारण आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक ट्रिपला यावर चर्चा होते. टेक्ससमध्ये कडक दारूवर मूळ कर आहे गॅलनला २.४० डॉलर. लिटरला हिशेब केला तर ६३-६४ सेंट. त्यावर बाटलीमागे ३ डॉलर प्रशासकीय शुल्क. बेरीज वरच्या पाव डॉलरला नेऊन ठेवतात, झाले पावणेचार. म्हणजे कर कमी आणि कर घेण्याची मजुरी जास्त.

वाइनचं तर विचारूच नका. साध्या वाइनवर गॅलनला २०.४ सेंट. नेहमीच्या ७५० मिलीच्या बाटलीला किती झाला कर? चार सेंट! आणि तो गोळा करायला तीन डॉलर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मी आयुष्यभर ऐकली, पण इथे मसाला तीनशे आण्यांचा निघाला.

यातून एक व्यावहारिक गोष्ट मात्र निघते. शुल्क बाटलीमागे आहे, दारूमागे नाही. मी पहिल्या खेपेला ऑफिसातल्या लोकांना द्यायला सहा छोट्या (३७५ मिली) बाटल्या घेतल्या होत्या. प्रत्येकीचे तीन-सव्वातीन डॉलर मोजले. तेवढीच दारू दोन मोठ्या बाटल्यांत आणली असती तर निम्म्याहून कमीत सुटलो असतो. पण मग ऑफिसात वाटणार कशी, पळीने?

तत्त्वनिष्ठ_नवरा

हसू नका. मी भरले नाहीत.

बाटली नऊ डॉलरची. त्यावर पावणेचार? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. टेबलापलीकडचा माणूस अगदी शांत होता. म्हणाला, हरकत नाही, कर भरायचा नसेल तर बाटली इथेच सोडा, आम्ही ती नष्ट करतो, तुम्ही जाऊ शकता. ना आवाज चढला, ना काही. मला वाटलं होतं थोडी घासाघीस तरी होईल.

सोडली बाटली. पुढे गाडी घ्यायला गेलो तर आठवडाभराचं पार्किंग मी काहीही न बोलता आधीच भरलेलं होतं. ते पावणेचारच्या किती पट होतं हे बायकोने गॅल्व्हस्टन ते घर, पन्नास मैल, तोंडी गुणाकार करून सांगितलं. अजून सांगते.

कॅटीची काकू

सिगारेटचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरात पिणारं कुणी नाही, ओढणारे एक आहेत आणि ते माझ्या माहेरचे आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

भाऊ आला होता. बोटीवरच्या दुकानात कार्टन स्वस्त दिसलं म्हणून एक घेतलं. दहा पाकिटं म्हणजे बरोबर २०० सिगारेटी, कस्टमच्या मर्यादेत. तो खूश. मग राज्याच्या टेबलावर पाकिटाला १.४१ डॉलर या दराने १४.१० आणि वर थोडं शुल्क. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी समुद्राकडे पाहिलं. त्याचे पैसे त्यानेच भरले. मला वाटतं, दारूपेक्षा सिगारेटलाच हा कर खरा झोंबतो, कारण तिथे मूळ करच मोठा आहे. झोंबू दे.

पुलावरून_चालत (सॅन अँटोनिओ)

तुम्हाला हे टेबल नवं वाटतंय, आम्हाला ते क्रूझच्या आधीपासून माहीत. मेक्सिकोच्या सीमेवरच्या पुलांवर राज्याची ही माणसं कधीपासूनची बसलेली असतात. टीएबीसी म्हणतात त्यांना, राज्याचं मद्य खातं.

२००५ च्या सुमारास आम्ही विद्यार्थी होतो. लारेडोला गाडी लावायची, पुलावरून चालत पलीकडे नुएव्हो लारेडोत जायचं, पोटभर जेवायचं, व्हॅनिला आणि एखादी बाटली घेऊन चालत परत यायचं. अमेरिकेच्या बाजूला आधी पासपोर्ट, मग खिडकी. चिल्लर मोजून द्यायची, ते बाटलीवर छोटा स्टॅम्प चिकटवायचे. आमच्यातला एक जण ते रिकाम्या बाटलीवरून सोलून वहीत लावायचा, लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले तसे. त्या वेळी सिगारेटच्या पाकिटाला ४१ सेंट होते. २००७ पासून एकदम एक डॉलर वाढला आणि १.४१ झाले. आमच्यातल्या दोघांनी त्या वर्षी सिगारेट सोडली. कारण विचारलं तर दोघेही तब्येत सांगतात.

आता त्या बाजूला कोण चालत जातं माहीत नाही. आम्ही तरी जात नाही.

नुसतीच_वाचक

पण विमानाने आलं की? मुंबईहून ह्यूस्टनला दोनदा बाटली आणली, असं टेबल दिसलं नाही.

धागाकर्ती

मलाही विमानतळावर कधी दिसलेलं नाही. मायामीहून क्रूझ केली होती तेव्हाही फक्त कस्टम होतं, राज्याचं कुणी नव्हतं. गॅल्व्हस्टनला आणि पुलांवर मात्र असतात.

हिमवासी (टोरांटोजवळ)

टेक्ससवाल्यांनो, पावणेचार डॉलरवर एवढं रडताय? या इकडे.

कॅनडात ४८ तास बाहेर राहून आलात तर माणशी १.१४ लिटर कडक दारू, किंवा दीड लिटर वाइन, किंवा साडेआठ लिटर बिअर करमुक्त. यातला 'किंवा' नीट वाचा, मी वाचला नव्हता. फ्लोरिडाहून क्रूझ करून परतताना माझ्याकडे रमही होती आणि वाइनही. वाइनच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, रम एक लिटर. मला वाटलं दोन्ही मर्यादेत. कस्टमच्या बाई म्हणाल्या, दोनांतलं एक मर्यादेत, दुसऱ्यावर कर. आणि तो कर म्हणजे केंद्राचा वेगळा, प्रांताचा वेगळा. फरक एवढाच की इथे प्रांताची वसुलीही सीमेवरचाच माणूस करून टाकतो, दुसरं टेबल नसतं.

मी आधीच खरं सांगितलं होतं, म्हणून दंड वगैरे काही नाही. पण रम जेवढ्याला घेतली जवळजवळ तेवढेच तिच्यावर भरले. वर त्या बाईंनीच विचारलं, रमवर सवलत धरू की वाइनवर? ज्यावर कर जास्त बसतो त्यावर सवलत धरा, असं त्यांनीच सुचवलं. मी गोंधळून वाइन म्हणालो. का म्हणालो ते आजही सांगता येत नाही.

लालवाहिनी (सिंगापूर)

आमच्याकडे राज्य एकच आहे, म्हणून टेबलही एकच. पण नियम असे आहेत की एकच पुरतं.

सिगारेटवर सिंगापूरमध्ये करमुक्त सवलत नाहीच. शून्य. उघडलेल्या पाकिटातल्या उरलेल्या चार सिगारेटींवरसुद्धा कर लागतो. सासरे चेन्नईमार्गे आले तेव्हा शर्टाच्या खिशात पाकीट होतं हे त्यांनाच आठवत नव्हतं. माझ्या सुदैवाने हिरव्या वाटेने जाण्याआधी मी खिसा पाहिला आणि त्यांना लाल वाटेने नेलं. सात सिगारेटींचा कर भरला. "एवढ्यात मी तिकडे महिनाभर ओढतो," असं म्हणाले. अतिशयोक्ती, पण भाव पोचला.

क्रूझची गंमत वेगळी. दारूची सवलत मिळायला ४८ तास बाहेर असावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलेशियाहून येणाऱ्याला ती सवलत मिळत नाही, हे पुष्कळांना बोटीवर कळतं. आम्ही चार रात्री फिरलो, थायलंडमधल्या फुकेतला बाटल्या घेतल्या आणि शेवटचा थांबा मलेशियातलं पेनांग. सिंगापूरच्या दृष्टीने आम्ही आलो मलेशियाहून. कर आधीच कस्टमच्या अ‍ॅपवर भरून टाकला, दहा मिनिटांचं काम. नवरा म्हणाला, पुढच्या वेळी आधी पेनांग, मग फुकेत अशी बोट बघू. दारूसाठी बोटीची दिशा ठरवणारा माणूस आहे.

आंबोलीचा_पाऊस (कोल्हापूर)

क्रूझ नाही, स्विफ्ट डिझायर. चालेल ना?

गोव्याहून येताना मित्राने दोन बाटल्या घेतल्या. दुकानदाराने परमिट करून दिलं. आमच्या खिशात महाराष्ट्राचा एक दिवसाचा पाच रुपयांचा पिण्याचा परवानाही होता. मित्र म्हणाला, दोन-दोन कागद आहेत, राजासारखे जाऊ. नशिबाने सावंतवाडीला माझ्या मामांकडे जेवायचं ठरलं होतं आणि मामांचं निम्मं आयुष्य एक्साइजमधल्या मित्रांसोबत गेलेलं. बांद्याच्या अलीकडून फोन केला तेव्हा बोलता बोलता बाटल्यांचा विषय निघाला.

"अरे शहाण्यांनो, तो गोव्याचा कागद म्हणजे गोवा तुम्हाला बाहेर सोडतंय. महाराष्ट्र आत घेतंय असा त्याचा अर्थ नाही. आणि पाच रुपयांचा परवाना प्यायचा आहे, आणायचा नाही."

बाटली फिरवून पाहिली तर लेबलवरच छापलेलं, फक्त गोव्यात विक्रीसाठी. स्वस्त का मिळते त्याचं उत्तर तेच. गोव्याचा कर भरलेला, आपला नाही. आणि आपल्याकडे गॅल्व्हस्टनसारखं टेबल नाही की पावणेचार डॉलर ठेवले आणि पुढे गेलो. इथे सरळ दारूबंदी कायद्याचा गुन्हा.

गाडी वळवली. पेडण्याला चहा प्यालो होतो त्या टपरीवाल्याला दोन्ही बाटल्या देऊन टाकल्या. तो घ्यायलाच तयार नव्हता, त्याला वाटलं काहीतरी भानगड आहे. शेवटी मित्राने दोन चहा आणि एक प्लेट भजी मागवली, मग घेतल्या. भजीचे पैसे त्याने लावले.