अनुभव धागा: निवडणूकपूर्व चाचण्यांतलं मतदारांचं वय

राष्ट्रीय निवडणूक जवळ आली की 'तरुण अमुक पक्षाकडे झुकले', 'ज्येष्ठांची तमुक पक्षाला साथ' असे मथळे रोज दिसू लागतात. हे वयोगटवार आकडे चाचणीतला सर्वांत कच्चा भाग असतात आणि नेमका त्यांच्यावरच सर्वांत जास्त भरवसा ठेवला जातो. म्हणून हा धागा. ज्यांनी चाचण्या आखल्या, दारोदार फॉर्म भरले किंवा आकडे जुळवले त्यांनी लिहावं. स्वतःचं राजकीय मत आणि आठवणी बाजूला ठेवू. काम कसं होतं, कुठे फसतं आणि का फसतं, एवढंच हवं. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

आकडेमोड

सुरुवात संख्येपासून करतो. हजार जणांच्या चाचणीत 'कमी-जास्त ३ टक्के' असं छापतात. ते पूर्ण हजारांसाठी खरं आहे, एका वयोगटासाठी नाही. समजा लोकसंख्येत १८ ते २४ वयाचे १२ टक्के आहेत. म्हणजे हजारात १२० हवेत. तेवढे मिळाले तरी त्या गटाची चूक कमी-जास्त ९ टक्के होते. प्रत्यक्षात तरुण फोन उचलत नाहीत, दारात सापडत नाहीत, आणि हातात ६० जण येतात. त्यांतल्या ४५ टक्के लोकांनी एका पक्षाचं नाव घेतलं, तर खरा आकडा ३२ पासून ५८ पर्यंत कुठेही असू शकतो. पुढच्या आठवड्यात तोच गट ५१ दाखवतो आणि मथळा येतो, 'तरुणांत लाट'. ती लाट बहुतेक वेळा या ६० जणांच्या अदलाबदलीची असते.

६० आले आणि १२० हवे होते, म्हणून प्रत्येकाला २ चं वेटेज देतात, म्हणजे एकाचं उत्तर दोघांचं धरतात. त्यामुळे एकूण बेरीज सुधारते, पण तरुणांबद्दलची माहिती ६० जणांचीच राहते. खरा नमुना किती उरला, म्हणजे किती जणांएवढी माहिती खरोखर हातात आहे, हे काढायचं सोपं सूत्र आहे: सगळ्या वेटेजची बेरीज करून तिचा वर्ग करा आणि प्रत्येक वेटेजच्या वर्गांच्या बेरजेने भागा. वरच्या उदाहरणात हजाराचे सुमारे ९४० उरतात, म्हणजे नुकसान थोडं आहे. पण वयाच्या जोडीला शिक्षण, लिंग, प्रदेश, मागचं मत असे थर चढवले की तो आकडा झपाट्याने खाली येतो. हे गणित अहवालात छापलं नसेल तर मागून घ्यावं.

एका माणसाचं वेटेज किती वाढू द्यायचं याला छत घालावंच लागतं. अमेरिकेत २०१६ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि लॉस एंजेलिस टाइम्स यांच्या चाचणीत सुमारे ३००० जणांचं कायमचं पॅनल होतं, म्हणजे त्याच लोकांना पुन्हा पुन्हा विचारलं जायचं. त्यांनी वयाचे गट फार बारीक पाडले आणि वेटेजला पुरेसं छत घातलं नाही. त्यामुळे एका कृष्णवर्णीय तरुणाचं वेटेज सरासरीच्या सुमारे ३० पट झालं. त्याने आपलं मत कळवलं की देशाचा आकडा हलायचा, आणि तो गप्प राहिला की परत खाली यायचा. १८ ते २० असा तीनच वर्षांचा गट पाडला की हे होणारच. १८ ते २९ घ्या, तपशील कमी मिळेल पण आकडा स्थिर राहील.

फील्डवरची

वर जे ६० म्हटलेत ते ६० का येतात, हे दारात उभं राहिल्यावर कळतं. सकाळी अकराला बेल वाजवली तर दार उघडतात ते घरातले वयस्कर लोक. दार उघडेल त्याचाच फॉर्म भरला की नमुना पहिल्याच दिवशी म्हातारा होतो. म्हणून नियम असा की घरातल्या मतदारांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला त्याचीच मुलाखत घ्यायची. तो घरी नसेल तर परत यायचं, निदान तीनदा, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक खेप संध्याकाळी सातनंतरची. खरी चोरी इथेच होते. तिसरी खेप वाचवण्यासाठी पोरं शेजारच्या घरात जातात आणि कागदावर मात्र 'निवडलेली व्यक्ती भेटली' अशी खूण करतात. ते पकडायला प्रत्येक खेपेची वेळ फॉर्मवर आपोआप नोंदली जाईल अशी सोय करावी आणि दहातल्या एका घरी पर्यवेक्षकाने फोन करून भेट झाली का ते विचारावं.

वय विचारू नका, जन्मसाल विचारा. वय विचारलं की लोक ४०, ४५, ६०, ६५ असं गोल करून सांगतात. गटाची हद्द नेमकी ६० किंवा ६५ वर असेल तर माणसं चुकीच्या खणात पडतात. जन्मसाल आठवत नसेल तर मतदार यादीतलं वय ताडून घ्यावं, पण यादीतलं वयही अंदाजाने लिहिलेलं असू शकतं हे धरून चालावं.

सत्तरीपुढच्या माणसाची मुलाखत ही वेगळी कसरत आहे. मुलगा नाहीतर सून शेजारी उभी राहते आणि 'बाबांचं मत तेच, जे आमचं' म्हणून स्वतःच उत्तर देते. अशा वेळी मताचा प्रश्न तोंडी विचारूच नये. चिन्हं छापलेली कोरी मतपत्रिका हातात द्यावी, खूण त्यांनीच करावी, घडी घालून डब्यात टाकावी, आणि तेवढा वेळ आपण पाठ फिरवून उभं राहावं. चिन्हं मोठी छापा. छपाई बारीक असेल तर ते 'तूच लाव खूण' म्हणतात आणि सगळी गुप्तता संपते.

प्रश्नावली

माझा विषय पुढचा: पक्षाचं नाव सांगणारा मत द्यायला जाणार का?

'तुम्ही मतदान करणार का?' असं सरळ विचारलं तर जवळपास सगळेच हो म्हणतात, कारण नाही म्हणायला लाज वाटते. निवडणुकीनंतर मतदान केलं असं सांगणाऱ्यांची नावं मतदानाच्या नोंदींशी ताडून पाहिली की बरेच जण गेलेच नव्हते असं निघतं. म्हणून प्रश्नातच सुटका ठेवायची: 'काहींना काम होतं, काही आजारी होते, काहींचं ते राहून गेलं. मागच्या निवडणुकीत तुमचं काय झालं?' त्याच्या जोडीला शून्य ते दहा अशी शक्यता विचारावी, आणि आपलं मतदान केंद्र कुठे आहे तेही. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, त्यात बढाई मारता येत नाही.

गॅलप या अमेरिकी चाचणी संस्थेने अशा प्रश्नांवरून 'संभाव्य मतदार' ठरवायची गुणांची पद्धत १९५० च्या दशकात बसवली. तिची अडचण वयाशीच आहे. मागच्या वेळी मत दिलं का, याचे गुण जो तेव्हा १८ चा झालाच नव्हता त्याला मिळणार कसे? त्यांना वेगळे गुण द्यावे लागतात. ते विसरलं की पहिल्यांदा मत देणारी अख्खी तुकडी चाळणीतून गळून पडते. तसंच नुकतंच घर बदललेल्याचं. तिशीच्या आतले लोक शिक्षणासाठी, नोकरीसाठी हलतात, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. बाहेरून तो आळस दिसतो, पण अडचण यादीची असते. म्हणून 'नाव सध्याच्या पत्त्यावर आहे का' हा प्रश्न शक्यतेच्या प्रश्नाच्या आधी घ्यावा.

जुने अहवाल वाचणारा

चाळणी किती घट्ट ठेवायची याचा धडा ब्रिटनच्या लागोपाठ दोन निवडणुकांत आहे.

२०१५ मध्ये शेवटच्या चाचण्या दोन मोठ्या पक्षांत बरोबरी दाखवत होत्या. निकालात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे निघाला. चाचण्या का चुकल्या हे तपासणाऱ्या पॅट्रिक स्टर्जिस यांच्या समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला: मुख्य दोष नमुन्यातच होता. चाचणीत सापडलेले तरुण हे राजकारणात जास्तच रस असलेले होते, आणि ऑनलाइन पॅनलमध्ये '६५ च्या पुढे' हा गट संख्येने भरलेला असला तरी त्यात पंचाहत्तरी ओलांडलेले फार थोडे होते. खण भरलेला दिसतो, पण आतली माणसं त्या खणाचं प्रतिनिधित्व करत नाहीत. वेटेजने हा दोष जात नाही, उलट चुकीच्याच माणसांचा आवाज मोठा होतो.

मग २०१७ मध्ये काही संस्थांनी इलाज म्हणून तरुणांचं मतदान जुन्या आकड्यांवरून आधीच कमी धरलं. त्यांच्या चाचण्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची आघाडी फुगली. प्रत्यक्ष आघाडी अडीच टक्क्यांच्याही आत राहिली आणि संसद त्रिशंकू झाली. लगेच 'तरुणांचं तुफानी मतदान' अशी चर्चा सुरू झाली, पण 'ब्रिटिश इलेक्शन स्टडी' या विद्यापीठांतल्या संशोधकांच्या अभ्यासाने घरी जाऊन केलेल्या पाहणीत तशी मोठी उसळी सापडली नाही. माझं ठाम मत: वयावरून मतदानाचं प्रमाण गृहीत धरायचं असेल तर आकडा दोन्ही प्रकारे छापावा, गृहीत धरून आणि न धरता. दोन्हींत चार टक्क्यांचा फरक पडत असेल तर ते चार टक्के मतदारांचे नाहीत, चाचणी करणाऱ्याच्या अंदाजाचे आहेत.

यादीवाला

वयवार मतदानाची टक्केवारी वाचताना भागाकारात खाली काय आहे ते आधी पाहा. भारतात टक्केवारी नोंदणी झालेल्या मतदारांवर काढतात, अमेरिकेत बहुधा मतदानास पात्र लोकसंख्येवर. तरुणांची नोंदणीच कमी असेल तर पहिल्या पद्धतीत ते उत्साही दिसतात आणि दुसऱ्या पद्धतीत उदासीन, आणि माणसं मात्र तीच.

वयाची हद्दही ठिकठिकाणी वेगळी असते. भारतात ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ झालं आणि १९८९ च्या लोकसभेला ते पहिल्यांदा वापरात आलं. तिथे पूर्वी १ जानेवारी हीच अर्हता तारीख होती, म्हणजे २ जानेवारीला १८ पूर्ण करणारा वर्षभर बाहेर. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. ऑस्ट्रियात २००७ पासून १६ व्या वर्षी मत देता येतं. ब्राझीलमध्ये १८ ते ७० सक्तीचं, १६-१७ आणि सत्तरीपुढे ऐच्छिक. तिथे '६५ च्या पुढे' असा गट पाडला तर सक्तीचे आणि ऐच्छिक मतदार एकाच खणात येतात. गट पाडताना कायद्याची रेघ जिथे आहे तिथेच आपलीही रेघ मारावी.

आकडेमोड

सक्तीचा विषय निघाला म्हणून भर घालतो. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे आणि सुमारे ९० टक्के लोक मत देतात, म्हणजे कोण जाणार हा प्रश्न जवळपास उरतच नाही. तरी २०१९ मध्ये चाचण्यांनी लेबर पक्षाला पुढे दाखवलं आणि जिंकली मात्र विरुद्ध बाजूची लिबरल-नॅशनल युती. चाचणीला उत्तर देणारा माणूस जास्त शिकलेला आणि राजकारणात जास्त रस घेणारा असतो, हा दोष वयाची बेरीज अगदी बरोबर जुळली तरी आत राहतो. वयासोबत शिक्षणाचं वेटेज देणं म्हणूनच भाग आहे.

फील्डवरची

एक्झिट पोलबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. केंद्राबाहेर मुलाखत घेणारी पोरं विशीतली असतात आणि नकळत त्यांच्या वयाच्या लोकांना थांबवतात. वयस्कर माणसं बाजूने निघून जातात. अमेरिकेत २००४ च्या एक्झिट पोलने उमेदवार जॉन केरी यांना प्रत्यक्षात मिळाली त्याहून जास्त मतं दाखवली. नंतरच्या तपासणीत जिथे मुलाखत घेणारे तरुण होते आणि जिथे त्यांना दारापासून लांब उभं केलं होतं, तिथे चूक मोठी निघाली. यावर दोन गोष्टी करायच्या. बाहेर पडणारा दर दहावा म्हणजे दहावाच थांबवायचा, मोजणी हातातल्या टॅली काउंटरवर. आणि नकार दिलेल्या प्रत्येकाचं अंदाजे वय आणि लिंग नजरेने नोंदवायचं, म्हणजे कोण निसटलं ते संध्याकाळी जुळवता येतं.

टपालाने किंवा घरबसल्या मत दिलेले ज्येष्ठ तर केंद्रावर येतच नाहीत. त्यांच्यासाठी मतदानाच्या आधीच्या आठवड्यात वेगळे फोन करावे लागतात. तो खर्च वाचवला असेल, तर त्या एक्झिट पोलमधला ज्येष्ठांचा आकडा हा फक्त चालत केंद्रापर्यंत आलेल्या ज्येष्ठांचा आहे, आणि तसंच तक्त्याखाली लिहायला हवं.