एकत्र बसून हातानं केलेलं काही : अनुभव सांगा

धागाकर्ती :
डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा, फेब्रुवारीत मुंबईत काळा घोडा महोत्सव, अधूनमधून बचत गटांच्या ‘सरस’ची प्रदर्शनं. मी जमेल तिथं जाते, पिशव्या भरून आणते. पण तिथं वस्तू तयार होऊनच आलेली असते. ती होत असताना कोण कोणाशेजारी बसलं होतं, काय बोलणं चाललं होतं, ते त्या टेबलावर दिसत नाही. मला तेच ऐकायचंय. वाकळ, कंदील, माटोळी, रुखवत, शाडूचा गणपती, परदेशातलं विणकामाचं मंडळ, काहीही चालेल. वस्तूचं कौतुक थोडं कमी करा आणि बसण्याबद्दल जास्त लिहा. सामान कुठून आलं, शिकवलं कोणी, आणि पैसे कोणाला मिळाले का, हेही लिहा. शेवटचं मुद्दाम विचारतेय. हौसेच्या कामात हिशेब काढणं आपल्याकडे कोतेपणाचं समजतात, म्हणून.

माणदेशी :
वाकळ हे चैत्र-वैशाखातलं काम. सुगी संपलेली, विहिरी तळाला गेलेल्या, दुपारी रानात जाऊन करायचं काय? सोप्यात, म्हणजे ओसरीवर, सारवलेल्या भुईवर जुनं लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर फाटक्या धोतरांचे, परकरांचे, सदऱ्यांचे तुकडे नीट बसवायचे, वरून दुसरं लुगडं. मग चौघी चार बाजूंना बसायच्या आणि धावदोरा घालत कडेकडेनं आत सरकायच्या. मधोमध येईपर्यंत डोक्याला डोकं लागायची वेळ येते. घरात जे बोलता येत नाही ते सगळं त्या दुपारी निघतं. माझी आजी तयार वाकळीवरून बोट फिरवून कुठला टाका कोणाच्या हातचा ते सांगायची. एका कोपऱ्याबद्दल आईला म्हणायची, “इथं तुझी जाऊ रागात हुती बघ.” तिथले टाके खरंच आवळून आलेले असायचे.

पैशाचा प्रश्न नव्हता, कारण सावड होती. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, ज्या घरची वाकळ त्या घरचा चहा आणि भजी. ही सावड आता मोडली. सगळे म्हणतात वेळ नाही. मला विचाराल तर निम्मं कारण साडी आहे. पॉलिस्टरची साडी वर्षानुवर्षं नेसली तरी मऊ पडत नाही, घाम पीत नाही. थर एकमेकांवरून घसरतात, सुई सटकते. धुऊन धुऊन विरत आलेलं सुती लुगडं लागतं, ते आता कुणाच्या ट्रंकेत राहिलंय?

पुढची गोष्ट. शहरातल्या एक बाई नवं सुती कापड घेऊन आल्या. म्हणाल्या, यावर शिवा, विकायचं मी बघते. बायका खूश. पैसे नगावर ठरले. नगावर ठरल्याबरोबर चौघी एका वाकळीवर बसेनात, कारण चौघींत वाटणी कशी करणार? जिनंतिनं आपापलं कापड घरी नेलं. काम वाढलं, टाका एकसारखा झाला, सोपा रिकामा पडला. यात वाईट झालं की चांगलं हे मी ठरवू शकलेले नाही. त्यातल्या एकीनं त्याच पैशातून पोरीची नर्सिंगची फी भरली.

गिरगावकर (हल्ली टॉवरवासी) :
आमचं म्हणजे कंदील. चाळीच्या गच्चीवर वसुबारसेच्या आदल्या रविवारी. बांबू आणून तो तासायचा, कामट्या काढायच्या, सुतळीनं सांधे बांधायचे, मग पतंगी कागद आणि खळ. सांगाडा मोठी मुलं करणार, झिरमिळ्या लहान मुलं कातरणार, आणि वर टांगायला शिडीवर कोण चढणार यावरून दर वर्षी वाद. शिकवायला कोणी नसायचं. मागच्या वर्षी बघितलेलं असायचं. पैसे : वर्गणी. हिशेब खजिनदाराकडे. तो जुळायचा नाही, हीसुद्धा परंपरा.

आता टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये ‘पर्यावरणपूरक कंदील कार्यशाळा’ होते. किट मिळतं. कामट्या मापात कापलेल्या, कागद कातरलेला, भोकं पाडलेली. दोन तासांत कंदील तयार, फोटो, टाळ्या. प्रत्येक किट प्लास्टिकच्या पिशवीत येतं आणि शेवटी कोपऱ्यातला डबा त्या पिशव्यांनी भरतो. मुलांना मजा येते, मलाही येते, खोटं कशाला बोलू. पण सगळे कंदील सारखे दिसतात आणि सगळे सरळ असतात. आमचा एकही सरळ नसायचा.

जाता जाता एक विचारतो : मैद्याच्या खळीला झुरळं लागतात. कोणाकडे उपाय आहे का?

नेहमीची वाचक :
रुखवत. तीन आत्या, दोन मावश्या आणि एक क्रोशाची सुई. याहून जास्त लिहिलं तर नात्यात वितुष्ट येईल.

अंत्रुजकर :
आमच्या गोव्यात फोंड्याच्या बाजूला चवथीची माटोळी. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी : गणपतीच्या वर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला त्या दिवसांत रानात, परसात, कुळागरात जे काही मिळतं ते बांधतात. आंब्याचे टाळे, नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, चिबूड, आंबाडे, कांगणां-कवंडळांसारखी रानफळं. तार नाही, प्लास्टिकची दोरी नाही. कुमयो या रानझाडाच्या सालीचे दोर असतात, त्यानं बांधतात. विसर्जनानंतर सगळं मातीत जातं. ‘शाश्वत’ वगैरे शब्द आमच्या आजोबांनी ऐकलेलाही नव्हता.

बसणं असतं ते चवथीच्या आदल्या दिवशी. आमचं मूळ घर एकच, त्यामुळे मुंबई, बेळगाव, दुबई कुठूनही पुरुष मंडळी येतात. हे पुरुषांचं काम, बायका तोवर स्वयंपाकघरात नेवऱ्या करत असतात. हे मला आता खटकतं, पण बदललं आहे असं खोटं लिहीत नाही. माझी पुतणी गेल्या वर्षी शिडीवर चढली. कोणी काही बोललं नाही, ही आमच्याकडची मान्यता. काका खालून नावं सांगतात आणि मुलं ती वस्तू शोधून वर देतात. झाड ओळखायला मी शाळेत शिकलो नाही, या चौकटीखाली शिकलो.

सरकारच्या कला आणि संस्कृती खात्याची माटोळी स्पर्धा असते. लोक फळांची आणि बियांची अख्खी चित्रं उभी करतात, बघण्यासारखं असतं. पण बक्षिसाच्या नादात काही जण दुर्मिळ वेली मुळासकट उपटून आणतात. ‘जास्तीत जास्त प्रकार’ हा निकष डोक्यात शिरला की रानाला भारी पडतो. माझं मत, घरची माटोळी स्पर्धेबाहेरच बरी.

पैसे मिळतात ते डोंगरपट्ट्यातल्या बायकांना. चवथीच्या बाजारात त्या दोर आणि रानफळं घेऊन बसतात. तिथं घासाघीस करणाऱ्यांनी आधी स्वतः एकदा श्रावणातल्या रानात जाऊन जळवांसकट कांगणां काढून आणावीत.

आइंडहोवनहून :
नेदरलँड्समध्ये रिपेअर कॅफे प्रकार रुळलेला आहे. पहिला 2009 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये मार्टिना पोस्तमा या बाईंनी भरवला, आता गावोगावी भरतात. आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी, वस्तीच्या सभागृहात. दुरुस्त करणारे बहुतेक निवृत्त : कोणी कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, कोणी शिवणशिक्षिका. काम फुकट, दाराशी एक डबा असतो, वाटलं तर त्यात टाका. नियम एकच, पण कडक : वस्तू ठेवून निघून जायचं नाही. शेजारी बसायचं, स्क्रू धरायचा, बघायचं.

मी भारतातून आणलेला मिक्सर नेला. खालचा कपलर झिजला होता. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या एका आजोबांनी मिक्सर उलटा केला, वास घेतला आणि यात काय दळता असं विचारलं. सुकं खोबरं आणि लसूण, म्हटलं. त्यांनी भांड्याच्या तळाला साचलेलं सगळं दाताच्या ब्रशनं साफ केलं, त्यानंतर मशीनला हात लावला. कपलर इथं मिळेना, तो मी पुढच्या सुट्टीत पुण्याहून आणला आणि आम्ही दोघांनी मिळून बसवला. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी चटणी नेली. तिखट लागली, पण त्यांनी संपवली.

आता माझा खरा मुद्दा. हेच मॉडेल जसंच्या तसं आपल्याकडे आणायला काही मित्र उत्सुक आहेत. मला शंका आहे. आपल्याकडे मिक्सर, छत्री, स्टोव्ह, बॅगेची चेन दुरुस्त करणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी बसलेला असतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. त्याच्या शेजारी सुशिक्षितांनी फुकट दुरुस्ती मांडली तर मरणार तोच.

ठाणेकर :
@आइंडहोवन, आमच्या सोसायट्यांनी मिळून केलं तेव्हा हीच चर्चा झाली. शेवटी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाच बोलावलं, दिवसाची मजुरी ठरवून. त्यानं केलं आणि शिकवलंही. शिवाय त्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये गेला. छत्र्यांची रांग सगळ्यात मोठी होती, जूनचा पहिला आठवडा होता.

पायताण :
आमचा घरचा धंदा कोल्हापुरीचा, म्हणून धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नावर जरा बोलतो.

एक जोड एकट्याचा नसतो. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावणारा वेगळा, तळ कापणारा वेगळा, शिलाई आणि वेणी बहुतेक आमच्या घरच्या बायांची. खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. दारात सकाळपासून सगळी बसलेली, रेडिओ चालू, हातोडीचा ठेका. एकानं सुट्टी घेतली की पुढच्याचं काम अडतं. म्हणून आमच्यात भांडून कोणी फार दिवस लांब राहत नाही, परवडत नाही.

तर एका मोठ्या शहरात मेळा होता. आयोजक म्हणाले, स्टॉल फुकट, फक्त दिवसभर बसून ‘लाइव्ह’ करून दाखवा. वडील आणि आई बसले. लोक व्हिडिओ काढायचे, आईला म्हणायचे जरा वर बघा. तीन तास वेणी घालून जोड तयार झाला की लोक पुढच्या स्टॉलवर. दाखवायचं काम हेसुद्धा काम आहे, त्याची मजुरी कोणत्याच कागदात नव्हती. आता आम्ही आधी विचारतो : बसायचे किती? बरेच जण पुन्हा फोन करत नाहीत. जे करतात ते देतात.

जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन 2019 मध्ये मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांना. मग 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आमच्यासारखंच पायताण दाखवलं, कोल्हापूरचं नाव न घेता. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते मान्य केलं. त्या महिन्यात दुकानात गर्दी वाढली, हे खरं. पण आलेल्या प्रत्येक पत्रकारानं रागच विचारला. वेणी घालणाऱ्या बाईला जोडीमागं काय मिळतं, हे एकानंच विचारलं.

धागाकर्ती :
@पायताण, ‘बसायचे किती’ हे वाक्य मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवणार आहे. आम्हीही दर वर्षी वारली शिकवायला कोणाला तरी बोलावतो आणि शाल-श्रीफळ देऊन पाठवतो.

वर्धेकर :
इकडे सेवाग्रामले गांधी जयंतीच्या आसपास सामूहिक सूतकताई असते. बोलाचं नाही, फक्त कातायचं. बाकी सगळ्यांच्या अनुभवात गप्पा आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. पन्नास-साठ माणसं शांत बसून, फक्त चरख्यांचा आवाज. पहिल्यांदा जाल तर पंधरा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, धागा निघता निघता तुटते, जोडा, परत तुटते. शेजारच्या आजी काही न बोलता हातातून घेतात, दोन बोटांनी पीळ धरून परत देतात. झालं शिकवणं.

जुन्या मापात 640 तारांची एक गुंडी, एक तार चार फुटांची. पट्टीचा कातणारा तासात अर्धी-पाऊण काढते. नवा माणूस धागा जोडत बसते. ज्याले खादी महाग वाटते त्यानं एकदा या ओळीत बसून पाहावं. वर्ध्याले आला तर मगन संग्रहालयही पाहा, 1938 मध्ये खुद्द गांधीजींनी उघडलेलं आहे, चरख्यांचे प्रकार एका जागी दिसतात.

शाडूविरोधी (नावावर जाऊ नका) :
दर वर्षी आमच्याकडे शाडूच्या गणपतीची बैठक होते आणि मी दर वर्षी तेच बोलतो : शाडू पर्यावरणपूरक आहे म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेऊ नका. ती गुजरातेतून ट्रक भरून येते, खणून काढलेली माती आहे, परत तयार होत नाही. नदीत हजारो मूर्तींची शाडू एका दिवशी पडली तर तळाशी गाळच बसतो. आम्ही बादलीत विसर्जन करतो, गाळ वस्त्रगाळ करून सुकवतो आणि पुढच्या वर्षी त्याच मातीची मूर्ती. दुसऱ्या वर्षी माती जास्त चांगली मळते, हा बोनस. सुरुवातीला घरच्यांना विचित्र वाटलं, सासूबाईंनी तर दोन दिवस अबोला धरला. आता त्याच बादली कुठे ठेवायची ते ठरवतात.

सनगर, पट्टणकोडोली :
@गिरगावकर, खळीचं मी सांगतो. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, आम्ही मैदा वापरत नाही, चिंचोक्याची खळ लावतो. चिंचोके भाजायचे, वरचं तांबडं साल कांडून काढायचं, आतला पांढरा गर रात्रभर भिजवून वाटायचा आणि सतत ढवळत शिजवायचा. ढवळणं थांबलं की गाठी. गार झाल्यावर चिकट होते. आम्ही ती कुंचीनं, म्हणजे मोठ्या ब्रशनं, ताण्यावर ओढतो, त्यासाठी दोन्ही टोकांना माणूस लागतो, म्हणून खळ द्यायच्या दिवशी शेजारी बोलवावाच लागतो. कागदाला पातळ लावा, नाहीतर कंदील वाळायला दोन दिवस घेईल.

पुस्तकबांधणीवाला :
चिंचोक्याची खळ कागदाला उत्तम. झुरळासाठी आम्ही खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचो. पण ते विष आहे आणि पतंगी कागदावर निळी झाक येते. लहान मुलं हात लावणार असतील तर टाकू नका, लागेल तेवढीच ताजी शिजवा. चिंचोके किराणा दुकानात मिळत नाहीत, चिंच फोडणाऱ्या बायकांकडे विचारा. आणि फुकट मागू नका.