इंदुरात नेटवर्किंगचे प्रशिक्षण घ्यायचे आहे; कोठे आणि कोणत्या क्रमाने घ्यावे?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ यंदा बी.कॉम. उत्तीर्ण झाला आहे, परंतु हिशेबाच्या कामात त्याला रस नाही. घरातला राउटर, शेजाऱ्यांचे कॅमेरे आणि सोसायटीच्या कार्यालयातले संगणक जोडून देण्यात मात्र तो तासन्‌तास रमतो. म्हणून संगणक-नेटवर्किंगचे व्यावसायिक प्रशिक्षण त्याला द्यावे असे घरात ठरले आहे. भंवरकुआँ परिसरात चौकशी केली असता एका संस्थेने सीसीएनए (सिस्को कंपनीचे नेटवर्किंगचे प्रमाणपत्र), एमसीएसई, लिनक्स, क्लाउड आणि सायबर सुरक्षा असे सर्व काही सहा महिन्यांत शिकवू व नोकरीची शंभर टक्के हमी देऊ असे सांगून संपूर्ण शुल्क आरंभीच मागितले. वडील निवृत्त आहेत, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले. वाणिज्य शाखेच्या मुलाला या क्षेत्रात घेतात का? आयटीआय करावे की खासगी वर्ग लावावा? आणि सुरुवात इंदुरातच होऊ शकेल की पुण्याला पाठवणे भाग आहे?

रामबागवासी

मी येथील एका रुग्णालयाचे नेटवर्क सांभाळतो आणि नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या संस्थेने सांगितलेल्या अभ्यासक्रमांविषयी. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हे प्रमाणपत्र 31 जानेवारी 2021 रोजीच बंद केले. ते अजूनही विकणाऱ्या संस्थेने आपला अभ्यासक्रम तेव्हापासून उघडून पाहिलेला नाही, असे समजायला हरकत नाही. सीसीएनएवरूनही संस्थेची अशीच पारख करता येते. आजची परीक्षा 200-301 या क्रमांकाची असून ती फेब्रुवारी 2020 पासून चालू आहे. तिच्यात वायरलेस, सुरक्षेची मूलतत्त्वे आणि स्वयंचलन यांना जागा मिळाली आणि राउटिंगमध्ये, म्हणजे माहितीचा मार्ग ठरवण्यात, भर ओएसपीएफ या पद्धतीवर आला. संस्थेच्या छापील टिपणांत आरआयपी आणि फ्रेम रिले या जुन्या तंत्रांवर पानेच्या पाने असतील, तर ती जुन्या परीक्षेची आहेत.

शाखेचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. सीसीएनएला बसण्यासाठी शैक्षणिक पात्रतेची औपचारिक अट नाही, आणि डेस्कटॉप सपोर्ट किंवा फील्ड इंजिनिअर या पहिल्या पायरीच्या नोकऱ्यांत पदवीच्या शाखेपेक्षा हाताला काय येते हे पाहिले जाते. मी मुलाखतीत व्याख्या विचारत नाही. एखाद्या संगणकाला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळाला आहे, तर बिघाड कोठे शोधशील, असे विचारतो. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही म्हणून यंत्राने स्वतःच पत्ता घेतला, हे ज्याला सुचते त्याच्याशी पुढे बोलता येते. आयपी पत्त्याला पिंग (पोहोच तपासणारा संदेश) जाते पण संकेतस्थळाच्या नावाला जात नाही, असे सांगितल्यावर जो डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे, वळतो, तो कामाचा मुलगा. तिसरा प्रश्न कागदावरचा असतो: 192.168.1.0/24 चे चार सारखे भाग पाड. प्रत्येक भागात 62 यंत्रे बसतात हे त्याने कॅल्क्युलेटरविना काढून दाखवावे. सहा महिने वर्गात बसूनही अनेकांना हे जमत नाही, कारण सबनेटिंग, म्हणजे असे भाग पाडणे, त्यांनी ऐकलेले असते, केलेले नसते.

म्हणून संस्था निवडताना फलकावरची नावे न मोजता प्रयोगशाळा पाहावी. रॅकमध्ये खरे राउटर आणि मॅनेज्ड (आज्ञा देऊन रचता येणारे) स्विच आहेत का, ते चालू आहेत का, एका संचावर किती मुले बसतात आणि वर्ग संपल्यावर सराव करू देतात का, हे चार प्रश्न तेथेच उभे राहून विचारावेत. शिक्षक मुद्दाम बिघाड करून तो मुलांना शोधायला लावतात काय, हा पाचवा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

पीथमपूरकर

रामबागवासींशी सहमत आहे, परंतु त्यांनी तारांचा विषय सोडून दिला, आणि कारखान्यांत आमचे निम्मे आयुष्य त्यातच जाते. तांब्याच्या तारेची मर्यादा 100 मीटर असते. त्यातले 90 मीटर पक्क्या तारेचे आणि उरलेले दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे धरतात. कारखान्याच्या दोन शेडमधले अंतर याहून अधिक असते आणि शिवाय मोठ्या मोटारींचा विद्युत गोंगाट असतो, त्यामुळे मध्ये फायबर (प्रकाशावर चालणारी काचेच्या तंतूची तार) टाकावे लागते. फायबरचे स्प्लायसिंग (तंतू जोडणे) करता येणारा आणि फायबरमधला बिघाड दाखवणाऱ्या ओटीडीआर यंत्राचा आलेख वाचता येणारा मुलगा आमच्याकडे रिकामा बसत नाही. कॅमेऱ्यांचे काम करणाऱ्यालाही पीओईचे, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज पुरवण्याचे, गणित यावे लागते: जुन्या मानकाच्या स्विचचे एक पोर्ट 15.4 वॅटपर्यंत देते, नंतरच्या मानकाचे 30 वॅट. हे न पाहता फिरणारे मोठे कॅमेरे लावले की रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच ते बंद पडू लागतात आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. आपला भाऊ शेजाऱ्यांचे कॅमेरे लावतो म्हणालात, तर हे त्याला लवकर उमजेल.

आयटीआयविषयी: माहिती व संचार तंत्रज्ञान यंत्रणेच्या देखभालीचा, म्हणजे आयसीटीएसएम हा ट्रेड दोन वर्षांचा आहे आणि त्याला प्रवेश दहावीवर मिळतो. कोपा हा दुसरा ट्रेड एका वर्षाचा आहे, पण तो मुख्यतः संगणक चालवण्याचा व प्रोग्रॅमिंगच्या ओळखीचा आहे, नेटवर्किंगचा नव्हे. दहावी-बारावीनंतर लगेच मी आयटीआयच सांगितले असते, कारण शुल्क कमी आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालते. पदवीधराने आणखी दोन वर्षे घालवावीत असे मला वाटत नाही.

मुक्काम पुणे, मूळ इंदूर

मी पुण्यात एका नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये (नेटवर्कवर सतत लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) काम करते. माझे मत थोडे वेगळे आहे. सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क 300 डॉलर अधिक कर असे आहे, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे टिकते. पहिली नोकरी नसताना निवृत्त वडिलांच्या पैशातून ही रक्कम भरण्याची घाई करू नये. अभ्यास पूर्ण सीसीएनएचा करावा, नोकरी डेस्कटॉप सपोर्टची धरावी आणि परीक्षा पहिल्या वर्षाच्या पगारातून द्यावी. काही कंपन्या हा खर्च परतही देतात.

अभ्यासाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. नेटवर्कची संगणकावर नक्कल करणारा सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा पॅकेट ट्रेसर हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो आणि त्यात व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ, एसीएल, नॅट हे परीक्षेतले विषय घरबसल्या रचून पाहता येतात. एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरचा संगणक-नेटवर्कवरील अभ्यासक्रम आहे; तो सैद्धांतिक आहे, पण टीसीपी (माहिती नीट पोहोचवण्याची नियमावली) असे का वागते हे समजून घ्यायचे असेल तर ऐकण्यासारखा आहे. खासगी वर्ग लावायचाच तर फक्त राउटिंग-स्विचिंगचा लावा, आणि त्यानंतर लिनक्सचा. क्लाउड व सायबर सुरक्षा नंतर पाहता येतील. ज्याला फायरवॉलच्या (नेटवर्कची राखण करणाऱ्या यंत्रणेच्या) दोन्ही बाजूंचे नेटवर्क कळत नाही, त्याला फायरवॉल शिकवून काय उपयोग?

आणखी एक. इंदुरात वर्ग हिंदीतून चालतात आणि ते समजायला चांगलेच असते, परंतु परीक्षा इंग्रजीत असते आणि नोकरीत ग्राहकाचे तिकीट (तक्रारीची नोंद) इंग्रजीत लिहावे लागते. रोज सोडवलेल्या बिघाडाच्या चार ओळी इंग्रजीत लिहिण्याची सवय त्याने आजपासून लावावी. आमच्याकडे रात्रपाळी असते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

रामबागवासी

परीक्षा नंतर द्यावी हे मला पूर्ण पटत नाही. अभियांत्रिकीच्या मुलाला ते चालेल, बी.कॉम.च्या मुलाचा अर्ज प्रमाणपत्राविना चाळणीतूनच बाहेर पडतो, मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही. ओळखीतून काम मिळत असेल तर ताईंचे म्हणणे योग्य आहे.

पीथमपूरकर

यावर मधला मार्ग प्रशिक्षणार्थी म्हणून शिरण्याचा आहे. केंद्राची राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना 2016 पासून आहे, आणि मध्य प्रदेशाच्या सीखो-कमाओ योजनेत 2023 मध्ये 18 ते 29 वयाच्या मूळ निवासी तरुणांना कामावर शिकताना मासिक विद्यावेतन ठरवले गेले, त्यात पदवीधराला 10000 रुपये होते. दोन्हींच्या पोर्टलवर इंदूर आणि पीथमपूरच्या आस्थापनांच्या जागा शोधाव्यात. मात्र तेथे नेटवर्कचे काम देणार की नुसती नोंद करायला बसवणार, हे आधी प्रत्यक्ष जाऊन विचारावे.

राजेंद्रनगरकर

सर्वांचे आभार. आज भावासह त्या संस्थेत जाऊन प्रयोगशाळा दाखवण्याची विनंती केली. रॅक आहे, परंतु बंद होता; वीस-पंचवीस मुलांना प्रोजेक्टरवर पॅकेट ट्रेसर दाखवतात. नोकरीच्या हमीचा करार मागितला तेव्हा त्यात मुलाखतींची व्यवस्था करू एवढेच लिहिलेले निघाले. तेथे प्रवेश घेणार नाही. गीता भवनजवळ दुसरी एक लहान संस्था पाहिली. ती फक्त राउटिंग-स्विचिंग शिकवते, शुल्क हप्त्यांनी घेते आणि शनिवार-रविवार मुलांना रॅक वापरू देते. पॅकेट ट्रेसर घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? त्यात 4 जीबी मेमरी आहे.

मुक्काम पुणे, मूळ इंदूर

पॅकेट ट्रेसर चालेल. पुढे जीएनएस3 किंवा ईव्ह-एनजी या मोठ्या प्रोग्रॅमांवर खऱ्या उपकरणांच्या प्रणाली चालवायच्या असतील तेव्हा 16 जीबी लागेल. तोवर नवा लॅपटॉप घेऊ नका. त्याऐवजी सिल्व्हर मॉल या इंदुरातल्या संगणक-बाजारात चौकशी करून एखादा वापरलेला सिस्को 2960 स्विच, कन्सोल केबल (स्विचला लॅपटॉप जोडण्याची तार) आणि क्रिम्पिंगचे (तारेला टोक बसवण्याचे) अवजार घ्या. स्विच घेताना तेथेच वीज जोडून सर्व पोर्टचे दिवे लागतात का ते पाहा आणि जुना पासवर्ड काढून मागा. तो काढता येत नसेल तर भावालाच काढू द्या. पासवर्ड रिकव्हरीचा पहिला धडा फुकट होईल.