गोळी फेकून द्या म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

चोपडेकर: काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "कोलेस्टेरॉलची गोळी पायातली ताकद खाते. मी फेकली, तुम्हीही फेका." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. वडिलांना २०१९ ला अटॅक आला, स्टेंट टाकली, ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ही कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. असाच कोणाचा तरी निरोप वाचून त्यांनी ती गुपचूप बंद केली. आम्हाला कळलं ते दुसऱ्या अटॅकच्या वेळी, ॲम्ब्युलन्समध्ये. गोळी असती तर टळलाच असता असं मी म्हणत नाही. पण ती शक्यता माझ्या मनातून जात नाही. पाय दुखतात ना, मग डॉक्टरला सांगा. दुसऱ्याला "फेका" कशाला सांगता?

यावलचा बागाईतदार: पोस्ट माझीच. केळीचा घड खांद्यावर टाकून बांध ओलांडणारा माणूस मी, जिना चढताना कठडा धरायला लागलो. दोन्ही मांड्या भरून यायच्या. डॉक्टर म्हणे, वय झालं. वय ५१! गोळी सोडली आणि पंधरा दिवसांत मोकळा झालो. आता मी काय खोटं बोलून राह्यलो का?

भुसावळची सिस्टर: खोटं नाही, पण २०२० चा लंडनचा प्रयोग ऐका. त्रासामुळे गोळी सोडलेले ६० जण. वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली, काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या जवळपास ९० टक्के औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही झालाच.

यावलचा बागाईतदार: म्हणजे मला मनाचा आजार? ताई, माझ्या मांड्या तुम्ही पाहिल्या नाहीत.

भुसावळची सिस्टर: दुखणं खरंच असतं हो, कारण दरवेळी गोळीच नसते एवढंच. थायरॉइड मंद असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल तरी मांड्या अशाच धरतात.

धुळ्याचा घाणीवाला: मूळ मुद्दा सगळे विसरले. शेवभाजीच्या तर्रीत हॉटेलवाले पामतेल ओततात, ते बंद करा. आमच्या आजोबांनी जन्मभर घाणीचं शेंगदाणा तेल खाल्लं, ९० पार केली.

रावेरची माय: खरंय बाप्पा. बामणोदच्या वांग्याचं भरीत शेंगदाण्याच्या तेलाशिवाय भरीतच नाही.

चोपडेकर: गोळीचं बोला! कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात नसतं, आपलं यकृतच ते बनवतं. गोळी तिथंच काम करते.

धुळ्याचा घाणीवाला: मग पामतेल चांगलं म्हणता?

भुसावळची सिस्टर: नाही. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, शेंगदाणा तेलात साधारण पाचवा हिस्सा. तिथं तुमचं बरोबर. पण माझी आई घाणीचंच तेल खाते आणि तिचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९०. आमच्या घराण्यातच आहे. तिला तेल बदलून काय होणार?

धुळ्याचा घाणीवाला: घाणीच्या नावाखाली भेसळ विकतात. ती कोण तपासतं?

चोपडेकर: त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं येतो. बागाईतदार भाऊ, तुम्हाला अटॅक आलेला नाही, माझ्या वडिलांना आला होता. तुमचं प्रकरण वेगळं, एवढं मान्य. पण मार्ग आहेत. डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून बघतात, मग कमी डोस देतात किंवा दुसरी देतात. वडिलांना आता रोसुव्हास्टॅटिन ५ एक दिवसाआड आणि जोडीला इझेटिमाइब ही वेगळ्या प्रकारची कोलेस्टेरॉलची गोळी आहे. पाय दुखत नाहीत, रोज शेतात जातात.

भुसावळची सिस्टर: आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळीमुळे स्नायू तुटून असं फार क्वचित होतं, पण किडनीवर जातं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू करताना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा, त्यानं हा धोका वाढू शकतो.

यावलचा बागाईतदार: हे मला चिठ्ठी लिहून देणाऱ्यानं सांगायला हवं होतं. दोन मिनिटांत बाहेर काढलं मला. "तुम्हीही फेका" एवढं वाक्य पोस्टमधून काढतो, बाकीचं राहील. मंगळवारी जळगावला थायरॉइड, ड आणि स्नायूंची सीपीके तपासणी करून घेतो. त्या डॉक्टरकडे मात्र जाणार नाही.