११ महिन्यांचं बाळ, ४ वर्षांची मुलगी आणि मुरगाव ते मुंबई क्रूझ: मदत हवी आहे

आबोली_फोंडा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत नवऱ्याला चार दिवस सुट्टी आहे आणि त्याच्या डोक्यात क्रूझने घर केलंय. मुरगाव बंदरातून चढायचं, एक रात्र समुद्रात काढायची, मुंबईला उतरून नणंदेकडे राहायचं आणि येताना कोकण रेल्वेने मडगाव, असा त्याचा बेत. तोवर धाकटा ११ महिन्यांचा होईल, मोठी ४ वर्षांची आहे. एजंटला काहीही विचारलं की "मॅडम, फॅमिली शिप आहे, टेन्शन नको" एवढंच उत्तर येतं, म्हणून इथे विचारतेय.

धाकट्याला झोळीशिवाय झोप येत नाही. केबिनमध्ये झोळी बांधायची सोय असते का? तो सध्या पेज, नाचण्याचं सत्त्व आणि मऊ वरणभातावर आहे. सोबत छोटी इलेक्ट्रिक किटली नेली तर चालेल ना? मोठीला गाडी लागते. चोर्ला घाटात न ओकता आम्ही बेळगावला कधी पोचलेलो नाही. बोट लागली तर मध्यरात्री काय करायचं? आणि तिला क्रूझ म्हणजे फक्त स्विमिंग पूल एवढंच कळलंय. पोहायचा ड्रेस घालून घरभर फिरते.

घरात दोन पक्ष पडलेत. सासरे तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून पणजीच्या बोटीने यायचे, डेकवर चादर अंथरून. त्यांचं म्हणणं, त्या बोटीतून तान्ही पोरं यायची, तुम्हाला तर एसी खोली आहे. सासूबाई रामदास बोटीचं नाव काढतात आणि विषय संपवतात.

खरं काय ते सांगा. 'जा, मजा करा' नको.

सत्तरीकर

एका रात्रीसाठी एवढे पैसे? त्यापेक्षा पणजीला सांता मोनिका जेटीवरून मांडवीत तासभर फिरवून आणा. मुलांना तेवढंच पुरतं, आणि मोठीला बोट लागते की नाही तेही कळेल.

तारवटी

सत्तरीकर, मांडवीत कुणाला बोट लागली तर मला कळवा, बघायला येईन. नदीवरून समुद्राचा अंदाज येत नाही.

आबोलीताई, मी बरीच वर्षं परदेशी क्रूझवर केबिन स्टुअर्ड होतो, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो. आधी वय. बहुतेक कंपन्या ६ महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि ज्या सफरीत सलग तीन किंवा जास्त दिवस किनारा लागत नाही तिथे १२ महिन्यांची अट असते. तुमची एकच रात्र आहे, तेव्हा अडू नये. पण एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. बाळाचं नाव बुकिंगमध्ये हवंच, मांडीवरचं पोर मोजायचं नाही असा कदंब बसचा हिशोब इथे नाही. लाइफबोटीत त्याचीही जागा धरलेली असते. म्हणूनच केबिनमध्ये पलंग मोकळा दिसत असूनही कधी कधी चौथ्या माणसाला बुकिंग मिळत नाही. जन्मदाखला सोबत ठेवा.

झोळी विसरा. केबिनचं छत हलक्या पॅनेलचं असतं, त्यावर भार टाकायचा नाही. भिंती पत्र्याच्या, त्यावर लोक चुंबकाचे हुक लावून टोप्या आणि पिशव्या अडकवतात. ते बघून काही सुचलं तर तिथेच सोडून द्या. बुकिंग करतानाच बेबी कॉट मागा, बोटीवर त्या मोजक्याच असतात आणि आधी मागेल त्याला मिळतात. घरी आतापासून दुपारची एक झोप खाली गादीवर घेऊ दे.

किटली सामान तपासतानाच काढून ठेवतील. किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल, यातलं काही चालत नाही. बोटीवर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. चांगला थर्मास न्या, चहा-कॉफीच्या काउंटरवर गरम पाणी मिळतं. घरून शिजवून नेलेलं अन्न बहुतेक ठिकाणी वर चढू देत नाहीत, बाळाच्या खाण्याची सीलबंद पाकिटं चालतात. गरम पाण्यात नुसतं कालवून होईल असं घ्या. सत्त्व शिजवत बसायला तिथे चूल नाही. मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण हवं असेल तर जेवणघरातल्या हेड वेटरला चढल्या चढल्या सांगा. ऐन जेवणाच्या गर्दीत सांगितलंत तर तोही काही करू शकत नाही.

सेफ्टी ड्रिल 'मुलं कंटाळलीत' म्हणून चुकवू नका. २०१२ साली इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. पूर्वी २४ तासांत केली तरी चालायची. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच करावी लागते. तिथेच बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या, मोठ्यांच्या जॅकेटातून पोर खालून निसटतं.

सासूबाईंना सांगा, रामदास बुडाली ती १९४७ च्या जुलैत, भर पावसाळ्यात. फेब्रुवारीचा समुद्र वेगळा.

मीठमिरी

बोट लागू नये म्हणून आल्याचा रस मधातून चाटवा, दोघांनाही. आजीचा उपाय आहे, कधी चुकला नाही. नाहीतर अर्धी अ‍ॅव्होमिन.

पारिजातक

मीठमिरी, थांबा! मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, अगदी बोटाला लावून चाटवायलाही नाही. त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, ते २ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, कारण श्वास धोकादायक रीतीने मंदावू शकतो.

आबोली, तान्ह्यांना सहसा बोट लागतच नाही. जास्त त्रास २ ते १२ वर्षांच्या मुलांना. म्हणजे तुम्हाला जपायचंय ते मोठीला. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात खोली स्थिर आहे, आणि या भांडणात पोटाचे हाल होतात. म्हणून केबिनमध्ये कोंबून मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक हातात देऊ नका. डेकवर कडेवर घेऊन उभ्या राहा, लांब क्षितिजाकडे बघू दे. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको, कोरडी चपाती किंवा टोस्ट बरा. औषध द्यायचंच असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या आणि घरी एकदा देऊन बघा. काही मुलं त्या औषधाने पेंगायच्या ऐवजी रात्रभर उड्या मारतात. ओआरएसची पाकिटं आणि तापाचं औषध स्वतःचं न्या. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी लागते.

आणखी एक. बोटीवर उलट्या-जुलाबाची साथ पसरते ती बऱ्याचदा नोरोव्हायरसची, आणि सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. जेवायच्या आधी साबण-पाण्यानेच हात. रांगणारं बाळ सगळं तोंडात घालतं, तेव्हा त्याचेही.

मीठमिरी

बरं झालं सांगितलंत, मध मागे घेतला. नुसतं आलं मोठ्या माणसांना चालेल ना? गाडी मलाही लागते.

पारिजातक

खा की, खुशाल.

कुडाळची_सून

पूलबद्दल कोणी बोललंच नाही. डायपरमधल्या मुलांना मोठ्या बोटींच्या पूलमध्ये सहसा सोडत नाहीत, पोहायचा खास डायपर घातला तरी. आम्हाला बुकिंगच्या वेळी "बेबी पूल आहे" सांगितलं होतं (कोणी ते जाऊ दे). प्रत्यक्षात आमचं पोरगं काठावर उभं राहून भोकाड पसरून बसलं. तुमच्या मोठीला सोडतील, पण कित्येक बोटींवर लाइफगार्ड नसतो, तेव्हा तुमच्यापैकी एकाने पाण्यात उतरायचंच. किड्स क्लबही साधारण ३ वर्षांपुढच्या आणि शी-शू सांगता येणाऱ्या मुलांसाठी. धाकटा पूर्ण वेळ तुमच्याच कडेवर.

अंघोळीला शॉवर असतो, बादली-तांब्या नाही, आणि दोन माणसं त्या बाथरूममध्ये मावत नाहीत. एक दिवस बाळाला ओल्या पंचाने पुसून काढा, काही बिघडत नाही.

शनिवार-रविवारची बोट घेऊ नका. डीजे, बॅचलर पार्ट्या, कॅसिनोतून बाहेर येणारा धूर. मधल्या वारांची मिळाली तर म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा घोळका असतो, तो बरा.

जाऊ नका असं नाही म्हणत. आमच्या पोराला लिफ्ट आणि लांबच लांब बोळ इतके आवडले की त्याने दुसरं काही बघितलं नाही. फक्त निघायच्या आधी नवऱ्याशी एक ठरवून घ्या: रात्री शो कोण बघणार आणि दिवे मालवून केबिनमध्ये कोण बसणार. आमच्याकडे ते न बोलताच ठरलं होतं.

आबोली_फोंडा

सगळ्यांचे आभार. कुडाळची सून, शेवटचा परिच्छेद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "दुसऱ्या रात्री तू जा" म्हणाला. रात्र एकच आहे!

तारवटीदादा, अजून एक. एजंट सगळ्यात वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन देतोय, "व्ह्यू मस्त" म्हणे. मोठी हाताला लागेल त्या खुर्चीवर चढते. काय करू?

तारवटी

ती नको. बोट सगळ्यात जास्त हलते ती वरच्या मजल्यावर आणि दोन्ही टोकांना. खालच्या डेकवरची, बोटीच्या मध्यातली मागा. चोर्ल्यात ओकणाऱ्या मुलीसाठी याहून मोठं औषध नाही. वर-खाली पूल किंवा डान्स फ्लोअर नाही ना, तेही नकाशात बघून घ्या.

बाल्कनीचा कठडा उंच असतो, पण आत खुर्ची असते आणि मूल खुर्चीवर चढतं. घेतलीच तर खुर्च्या स्टुअर्डला बाहेर न्यायला सांगा, तो नेतो. मी असतो तर आतली, खिडकी नसलेली केबिन घेतली असती. दिवा मालवला की भर दुपारी मिट्ट काळोख होतो. बाळ झोपवायला याहून चांगली खोली बोटीवर नाही, आणि पैसेही सगळ्यात कमी.

सत्तरीकर

आतली केबिन, पूल नाही, शो नाही, किटली नाही. मांडवीचं अजून सुचवतो.

आबोली_फोंडा

हाहा. सासूबाईंनी तुमचा प्रतिसाद उचलून धरलाय. वय, कॉट आणि मऊ भात हे तिन्ही प्रश्न आज ईमेलने कंपनीला पाठवले. मंगळवारची तारीख आणि मधली, आतली केबिन मागितलीय. लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरणार नाही. नवरा बाल्कनीसाठी रुसलाय.

केवडा

धागा वाचला, फार उपयोगी. माझा थोडा वेगळा प्रश्न आहे. मला मार्चमध्ये सहावा महिना संपत आलेला असेल. अशा वेळी क्रूझवर घेतात का?

तारवटी

प्रवासाच्या तारखेला २४ आठवडे झाले असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. त्याआधी डॉक्टरांचं, आठवडे लिहिलेलं पत्र मागतात. सहावा संपत आला म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या पुढे जाल. तारीख अलीकडे घ्या, नाहीतर बाळ सहा महिन्यांचं झालं की बघा.