मनगट, करंगळी आणि माऊस: तुम्हाला काय लागू पडले?

आपल्याकडे उभा माऊस (तळवा खाली न करता कडेवर धरायचा) हाताळून पाहायचा तर जिल्ह्याचे गाव गाठावे लागते. म्हणून ज्यांचे हात संगणकाने दुखावले आहेत, त्यांनी काय घेतले, काय परत केले आणि काय घरीच जुळवले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

सेवा केंद्रचालक, दारव्हा तालुका
2023 च्या खरिपात एक रुपयात पीक विमा सुरू झाला आणि जुलैभर माझ्या दारात सातबारे घेऊन रांग लागली. त्याच महिन्यात अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊन मी हात झटकत उठू लागलो. करंगळी मात्र शाबूत होती. तिची नस वेगळी असल्याने मनगटातली मीडियन नस दबल्याचा अंदाज डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच बांधला. मागवलेल्या उभ्या माऊसवर हात हस्तांदोलनासारखा राहतो व पीळ जातो, हे खरे, पण पहिला आठवडा बाण चौकटीत बसेना आणि रांगेतले एक काका म्हणाले, "काऊन गा, हा उंदीर उभा काऊन केला?" खरा उतार मला रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्याने पडला.

ग्रामपंचायत संगणक परिचालक, चांदूर बाजार तालुका
माझी डावी करंगळी दुखत असे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीमध्ये व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत आणि ख, घ, ठ, भ यांना शिफ्ट लागते. त्यामुळे घरकुल लिहा की ठराव, डावी करंगळी दाबलेलीच. विंडोजमधली स्टिकी कीज ही सोय सुरू केली. आता शिफ्ट एकदा दाबून सोडते, मग अक्षर दाबते. पैसा लागला नाही.

जिनिंगमधील हिशेबनीस, हिंगणघाट तालुका
कीबोर्डपुढे मनगटाखाली ठेवायची जेलची उशी घेऊ नये, असे माझे मत आहे; टंकताना मनगट तिच्यावर टेकून राहिले आणि दुखणे वाढले. टेबल उंच होते, म्हणून सुताराकडून पाय दोन इंच कापून घेतले व कीबोर्डचे मागचे पाय मिटवले, तेव्हा मनगट वर वाकायचे थांबले.

अर्ज टंकणारी, राळेगाव तालुका
माऊस बदलला, खुर्ची बदलली, तरी कापूस वेचणीच्या दिवसांत अंगठा पुन्हा धरतो. घरची वेचणी सोडता येत नाही, म्हणून तेवढे महिने मी मोबाइलवर बोलून मजकूर उतरवते. त्यात पऱ्हाटी (कपाशीचे झाड) हा शब्द अजून एकदाही नीट उमटलेला नाही.